ग्राफ्टला अस्तर कोणत्या पेशींचं: शिरेतल्या, चरबीतल्या की रक्तातल्या?

ग्राफ्ट म्हणजे बंद पडलेल्या धमनीला वळसा घालणारी कृत्रिम नळी. तिच्यात गुठळी होऊ नये म्हणून आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या (एंडोथेलियल) पेशी पेरतात. आधी थोडं गणित. पायाच्या बायपाससाठी ६ मिलिमीटर व्यासाचा, ४० सेंटिमीटर लांबीचा ग्राफ्ट घेतला, तर आतला पृष्ठभाग सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर भरतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या शिरेचा ५ सेंटिमीटर तुकडा उलगडला, तर हाती येतात जेमतेम पावणेपाच. एकही पेशी वाया गेली नाही, तरी त्यांना चार वेळा दुप्पट व्हावं लागणार. आणि वाया तर बऱ्याच जातात, काही सोडवताना, काही चिकटवताना. स्रोत निवडताना खरा प्रश्न हा आहे: पेशी वाढवायला किती वेळ लागेल, आणि रुग्णाकडे तेवढा वेळ आहे का?

शिरेतल्या पेशी मिळवायची रीत सरळ आहे. शिरेत कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजेन तोडणारं विकर) भरायचं, ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग धुऊन घ्यायचं. घड्याळावर मात्र लक्ष हवं. जास्त वेळ गेला की खालच्या थरातल्या स्नायुपेशी आणि फायब्रोब्लास्टही (जोडऊतीच्या पेशी) सुटतात आणि काही दिवसांत फ्लास्क व्यापून टाकतात. जिलेटिन किंवा फायब्रोनेक्टिनचा (पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा) लेप, वाढीचे घटक आणि हेपॅरिन दिलं की प्रौढांच्या पेशीही वाढतात, पण सावकाश. माणसांवरच्या दीर्घ अनुभवात हाच मार्ग पुढे आहे. व्हिएन्नाच्या गटाने १९८९ पासून रुग्णाच्याच शिरेतल्या पेशी वाढवून, फायब्रिन (गुठळीतलं चिकट प्रथिन) लावलेल्या ईपीटीएफई या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकच्या ग्राफ्टवर पेरल्या. नऊ वर्षांनंतर अस्तर असलेले ६५ टक्के ग्राफ्ट न तुंबता उघडे होते, साधे अवघे १६ टक्के. किंमत म्हणजे दोन शस्त्रक्रिया आणि मधले काही आठवडे.

हे आठवडे टाळायचा मोह जुनाच आहे. १९७८ मध्ये माल्कम हेरिंग यांनी शिरेतून खरवडलेल्या पेशी कल्चरशिवाय, म्हणजे प्रयोगशाळेत न वाढवता, लगेच पेरून कुत्र्यांमध्ये प्रयोग केले. अडचण पुन्हा गणिताचीच, पेशी कमी पडतात.

चरबी ही अडचण सोडवते. तिच्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून त्याच दिवशी भरपूर पेशी निघतात. पण शुद्धता? ओमेंटमची (पोटातल्या आतड्यांवरच्या पडद्याची) चरबी घेतली तर त्या पडद्याच्या पृष्ठभागावरच्या मेसोथेलियल पेशीही येतात आणि त्यासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदीसारख्याच दिसतात. नुसत्या आकारावर विसंबणारा इथे हमखास फसतो. सीडी३१ या अस्तराच्या पेशींवरच्या ओळखखुणेची चाचणी, आणि जमल्यास त्याच खुणेवर चुंबकीय मण्यांनी वेगळं करणं, याशिवाय मी हा मार्ग सुचवणार नाही. फायब्रोब्लास्ट राहिले तर ग्राफ्टची आतली भिंत जाड होण्याचा धोका आहे.

रक्त सगळ्यांत सोपं वाटतं, कारण चीर द्यावी लागत नाही. १९९७ मध्ये असाहारा यांच्या गटाने रक्तातल्या, अस्तराच्या पेशी बनू शकणाऱ्या पूर्वज पेशींचं वर्णन केल्यापासून हा स्रोत चर्चेत आहे. पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या पेशींच्या वसाहतींवर मात्र भाळू नका, त्या बहुतेक मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कुळातल्या असतात. खऱ्या अस्तराच्या वसाहती दोन-तीन आठवड्यांनी उगवतात आणि मग झपाट्याने वाढतात. काही जणांच्या रक्तात त्या उगवतच नाहीत, आणि ग्राफ्टची गरज बहुधा वयस्कर, मधुमेही माणसांनाच असते.

नाळेच्या शिरेतल्या पेशी फक्त सरावात हात बसवायला. परक्या असल्याने शरीर त्या नाकारतं.

स्रोत कुठलाही असो, पॅसेज (पेशी एका भांड्यातून दुसऱ्यात हलवून पुन्हा वाढवणं) कमीत कमी ठेवा. थकलेल्या किंवा चिडलेल्या पेशी गुठळी रोखणारं नायट्रिक ऑक्साइड कमी आणि गुठळी सुरू करणारं टिश्यू फॅक्टर हे प्रथिन जास्त बनवू लागतात. मग गुठळी रोखायला घातलेलं अस्तरच ती घडवतं. पेरल्यावर थेट धमनीच्या प्रवाहात सोडलं तर पेशी धुऊन जातात, म्हणून घर्षणाचा ताण हळूहळू वाढवत दर चौरस सेंटिमीटरला १० ते १५ डाइनपर्यंत (डाइन हे बलाचं एकक) न्यावा.

माझा कौल असा: थांबता येत असेल तर शीर, रुग्ण तरुण असेल आणि त्याच्याच रक्तातून वसाहती उगवल्या तर रक्त, घाई असेल आणि शुद्धीकरणाची सोय असेल तरच चरबी. रुग्णाच्या पायातली सॅफेनस ही लांब वरवरची शीर धड असेल, तर यातलं काहीच नको. सर्जन तीच वापरतील, तिला आतून अस्तर आहेच.