केसीएनक्यू२ की केसीएनटी१: दोन पोटॅशियम वाहिन्या, उलट बिघाड

बाळाला आकडी येते आणि जनुकीय अहवालात पोटॅशियम वाहिनीतला, म्हणजे पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दारातला, बदल दिसतो. एवढ्यावर औषध ठरवू नये. आधी पाहायचे, वाहिनी मंदावली आहे की अतिसक्रिय झाली आहे.

केसीएनक्यू२ हे जनुक (गुणसूत्र २०) चेतापेशीला आवरणारा पोटॅशियमचा 'एम-प्रवाह' घडवते. बहुतेक रुग्णांत हा लगाम ढिला पडतो. आकडी जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच सुरू होते. अंग ताठरते, बहुधा एकाच बाजूला. कुटुंबात चालत आलेला सौम्य प्रकार काही महिन्यांत थांबतो, तीव्र प्रकारात मात्र आकडी थांबली तरी विकास खुंटलेला राहतो. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन अनेकदा लवकर काम करते, म्हणून निदान लवकर होणे इथे खरोखर मोलाचे. वाहिनी थेट उघडणारे रेटिगॅबिन २०१७ मध्ये बाजारातून गेले. त्याने त्वचा आणि दृष्टिपटल निळसर होत असे. अपवादही आहे: याच जनुकातल्या आर२०१सी नावाच्या बदलात वाहिनी उलट जास्त उघडते.

केसीएनटी१ या जनुकामध्ये (गुणसूत्र ९) अतिसक्रियता हाच नेहमीचा दोष. पोटॅशियम जास्त बाहेर गेल्यास पेशी शांत व्हायला हवी, मग आकडी का? एक पटणारे उत्तर: आवर घालणाऱ्या चेतापेशीच आधी गप्प होतात. पहिल्या सहा महिन्यांत मेंदूत जागा बदलत फिरणारी आकडी सुरू होते आणि औषधांना सहसा दाद देत नाही. क्विनिडिन हे हृदयाच्या ठोक्यांचे औषध प्रयोगशाळेत वाहिनी रोखते, रुग्णांत मात्र भरवशाचे ठरलेले नाही; त्याने क्यूटी अंतर (ईसीजीवर दिसणारा, हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) वाढते, त्यामुळे ईसीजीशिवाय ते देऊच नये.