जुन्या पिकअपच्या मागच्या कमानींचा नवा सेट: पाटे घ्या, यू-बोल्ट दुसरे घ्या

निकाल शीर्षकातच दिलाय, आता कारणं.

माझी फोर्ड एफ-१०० आहे, १९६५ च्या आधीची. त्या वर्षापासून पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आल्या. माझ्या गाडीला पुढे-मागे कमानीच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग. मागून बघितलं की डावीकडे कललेली दिसायची. गाडी कलली की बहुतेक जण त्या कोपऱ्याची कमान मागवून मोकळे होतात. जरा थांबा. पुढची कमान दबून बसली असेल तरी चेसिस वाकडी होऊन मागचा कोपरा खाली दिसू शकतो.

म्हणून सपाट जागा, चारही टायरांत योग्य हवा, हौदा रिकामा, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप. मग गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावून मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर मध्याखाली जॅक घ्यायचा आणि दोन्ही चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकंच उचलायचं. ॲक्सल जॅकवर मोकळेपणी डुलू लागला की मागच्या कमानी गाडीला कलवू शकत नाहीत. तरीही गाडी कललेलीच राहिली तर दोष पुढे. माझी सरळ झाली, म्हणजे दोष मागेच. (हे फक्त बघण्यापुरतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.)

स्टँड लावून खाली गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. डावा बंप स्टॉप (ॲक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेला ठोकळा) आपटून आपटून चकचकीत झालेला, शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) मागे झोपलेलं आणि दुसऱ्या पाट्याच्या कडेला केसाएवढी तांबूस गंजाची रेघ. कमान सोडवल्यावर तो पाटा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकातच तुटलेला निघाला. तुटतो तो बहुतेक तिथेच, कारण भोकामुळे धातू कमी आणि ताण मात्र भरपूर. वर यू-बोल्टने (कमान ॲक्सलला बांधणारा यू आकाराचा बोल्ट) आवळलेला असल्याने तुकडे जागचे हलत नाहीत, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला कमान धडधाकट वाटते.

जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेण्याचा सल्ला मिळाला होता. थकलेलं पोलाद बाक दिल्याने ताजं होत नाही. नीट उष्णोपचार केले नाहीत तर काही दिवसांत परत बसतं. आणि गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकवणाऱ्याच्या हाती कमान देऊच नका, पोलादाचं पाणीच उतरतं.

आता सेट. पाटे ५१६० या क्रोमियमच्या स्प्रिंग पोलादाचे आहेत. टोकं निमुळती केलेली आणि टोकांखाली प्लॅस्टिकच्या चकत्या, त्यामुळे कुरकुर नाही. दोन्ही कमानी शेजारी उभ्या करून बघितल्या, बाक सारखा निघाला. मला सगळ्यात आवडलं ते हे की पाट्यांची संख्या आणि जाडी मूळच्याइतकीच ठेवली आहे. बाजारात ‘हेवी ड्यूटी’ म्हणून कमी पण जाड पाट्यांच्या कमानी मिळतात. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनात वाढतो: ६ मिमीऐवजी ७.५ मिमीचा पाटा घेतला तर तो जवळजवळ दुप्पट ताठ. रिकामी गाडी मग प्रत्येक खड्ड्यात लाथ मारते. रोज ओझं वाहत नसाल तर त्या नावाला भुलू नका.

तक्रार सोबतच्या सामानाची. यू-बोल्टची गोलाई ॲक्सलच्या नळीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे तो नळीला पूर्ण टेकत नाही. असा बोल्ट कितीही आवळा, चार दिवसांत ढिला होणार. जुने परत लावणंही चूक, ते एकदा ताणले गेलेले असतात. मी नळीच्या मापाचे नवे करून घेतले. दुसरं, सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात सैल बसत होतं. ॲक्सल जागेवर राखण्याचं काम त्या डोक्याचं. ते सैल असलं तर ॲक्सल तिरका सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पातळ स्लीव्ह घालून भोक मापात आणावं लागलं. कमानी करणाऱ्याला हे माप माहीत नसावं, याचं नवल वाटतं.

माहितीपत्रक तर फेकून द्यायच्या लायकीचं. त्यात लिहिलंय की गाडी वर उचललेली असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळा. या सेटमध्ये कमानीच्या डोळ्यांत, म्हणजे टोकांच्या गोल वळलेल्या भोकांत, रबरी बुश (नळीसारखी अस्तरं) आहेत. चाकं लटकत असताना ते आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मगच शेवटचा पिळा. यू-बोल्ट मात्र आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचे.

गाडी आता सरळ उभी आहे. सुरुवातीला मागून जरा जास्तच उंच वाटली, पण नव्या कमानी थोड्या बसतातच, म्हणून लगेच पाटा काढायला धावू नका. उंची बदलली की शॉक ॲब्झॉर्बर पुरतो का, ते मात्र आधी बघा. माझे जुने पूर्ण ताणले जात होते, तेही बदलले. पुढच्या कमानी याच कंपनीच्या घेईन, पण नुसते पाटे सुटे मिळाले तरच.