बोलणारा टचपॅड आणि उठावाचा कागद: आयव्हीओ पद्धतीचा संच कसा आहे?

अंध वाचक बोटाने वाचतात त्या उठावाच्या चित्रात सगळ्यात जास्त जागा खातं ते ब्रेल. ब्रेलचं एक घर, म्हणजे ठिपक्यांचा एक गट, सुमारे ६ मिलिमीटर रुंदी घेतं. हृदयाच्या आकृतीत ‘महाधमनी’ लिहायला सात घरं लागतात, म्हणजे ४२ मिलिमीटर. एफोर कागदाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा एकाच नावात संपला. मग नाव बाजूला लिहून तिथून रेघ ओढतात, आणि बोटाला ती रेघसुद्धा रक्तवाहिनीच वाटते. आकार कागदावर आणि नावं आवाजात, ही वाटणी हेच बोलणाऱ्या टचपॅडच्या संचाचं खरं मोल आहे.

व्ह्यूप्लस या कंपनीचा आयव्हीओ हा या जातीतला ओळखीचा संच. कंपनीचे संस्थापक जॉन गार्डनर हे ओरेगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. १९८८ मध्ये त्यांची दृष्टी गेली. रचना साधी आहे: संगणकाला जोडलेला टचपॅड, त्यावर उठावाचा कागद आणि संगणकात त्याच चित्राची एसव्हीजी फाइल, म्हणजे जिच्यात प्रत्येक आकार वेगळा नोंदवलेला असतो अशी चित्रफाइल. कागदावर बोट दाबलं की त्या जागी फाइलमध्ये नोंदवलेलं नाव ऐकू येतं, हवं तर सविस्तर वर्णनही. उठाव दोन प्रकारे करता येतो: ठिपके उमटवणाऱ्या एम्बॉसरने किंवा फुगणाऱ्या कागदावर. व्ह्यूप्लसचे टायगर एम्बॉसर इंचाला २० ठिपके देतात आणि ठिपक्यांची उंचीही कमीजास्त करतात, त्यामुळे मुख्य रेषा आणि पार्श्वभूमी बोटाला वेगळी कळते.

फुगणारा कागद स्वच्छ, सलग रेषा देतो, पण तो लहरी आहे. त्याच्या थरातल्या सूक्ष्म कुप्या उष्णतेने फुगतात, आणि उष्णता शोषते ती काळी शाई. शाईत कार्बन हवाच. काही इंकजेटची काळी शाई डोळ्यांना गडद दिसते, तरी तापवणाऱ्या मशीनमधून कागद जवळजवळ सपाटच बाहेर येतो. लेझर प्रिंटरवर ‘जाड कागद’ हा पर्याय निवडू नका. प्रिंटर जास्त तापतो आणि कागद आतच फुगायला लागतो. मोठा भाग काळा भरला तर पूर्ण पट्टा गादीसारखा वर येतो, कडा हरवते आणि कागद वाकतो. तिथे ठिपक्यांचा पोत वापरा, किंवा नुसती बाह्यरेषा ठेवा. दोन रेषांत किमान ३ मिलिमीटर अंतर सोडा, नाहीतर बोटाला दोन्ही मिळून एकच लागते. दमट हवेत उघडा पडलेला कागद नीट फुगत नाही, म्हणून गठ्ठा बंद पिशवीतच ठेवावा.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘दाबलं एकीकडे, बोललं दुसरंच’ अशी. बहुतेक वेळा दोष पॅडचा नसतो, छपाईचा असतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला आणि चित्र ९७ टक्के झालं, तर एफोरच्या लांबीत दुसऱ्या टोकाला सुमारे ९ मिलिमीटरचा फरक पडतो. १०० टक्क्यांवरच छापा आणि एक रेघ पट्टीने मोजून बघा. कागद पॅडच्या कोपऱ्यात घट्ट टेकवा. वरचा उजवा कोपरा तिरका कापला की कागद उलटा ठेवला जात नाही.

दुसरं कारण हातांचं आहे. उठावाचं चित्र दोन्ही हातांनीच वाचायचं असतं. पण दाबावर चालणाऱ्या साध्या पॅडला एका वेळी एकच बिंदू कळतो; दोन बोटं दाबली की तो मधलाच बिंदू धरतो. म्हणून हलक्या हातांनी फिरायचं, आणि विचारायचं तेव्हा एकच बोट दाबायचं. ही सवय पहिल्याच बैठकीत लावावी लागते, आणि तेवढा वेळ शिकवणाऱ्याने द्यायलाच हवा.

फाइल बनवणं हे खरं कष्टाचं काम आहे. पुस्तकातलं चित्र स्कॅन करून टाकलं तर हाताखाली नुसता गोंधळ येतो. चित्र बोटासाठी नव्याने काढावं लागतं: सावल्या काढायच्या, तिरका देखावा सपाट करायचा, गर्दी असेल तर दोन पानं करायची. एसव्हीजीत नुसत्या रेषेने काढलेल्या, आत भरण नसलेल्या वर्तुळाच्या मध्यभागी दाबलं तर काहीच ऐकू येत नाही, असं होऊ शकतं. आत पारदर्शक भरण द्या. नकाशातल्या बारीक नदीवर ८ ते १० मिलिमीटर रुंदीची अदृश्य पट्टी टाका. आकारांचा क्रमही तपासा, कारण वरचा आकार खालच्याला गप्प करतो. लेबल देवनागरीत असेल तर आवाजही मराठीचा निवडावा, उदाहरणार्थ ईस्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला. इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं गाळू शकतो. नाव दोन-तीन शब्दांचं ठेवा, बाकीचं वर्णनात टाका. प्रत्येक स्पर्शाला लांब वाक्य ऐकावं लागलं की वाचणारा थकतो.

आलेखासाठी मात्र बोललेली नावं पुरत नाहीत. वक्र कुठे चढतो, कुठे वळतो हे सुरांत चांगलं कळतं: वेळ डावीकडून उजवीकडे, किंमत वाढली की सूर वर. डेसमॉस या आलेख काढणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये ही सोय आहे, आणि वक्र क्ष-अक्षाखाली गेला की खरखर ऐकू येते. आधी सुरात वक्र ऐकायचा आणि मग कागदावर तो बोटाने शोधायचा, ही जोडी मला सगळ्यात उपयोगी वाटते.

हलत्या टाचण्यांचे पडदे हा वेगळा पर्याय: टाचण्या वर-खाली होऊन चित्र बोटाखाली उमटतं. मोनार्क या अशा उपकरणात ९६ बाय ४०, म्हणजे ३८४० टाचण्या आहेत. चित्र क्षणात बदलतं आणि मोठंही करता येतं, कागद लागतच नाही. पण तिरकी रेष पायऱ्यापायऱ्यांची होते आणि बारीक तपशील गळतो. रोज नवी आकृती लागणाऱ्याने तिकडे वळावं. तेच नकाशे, त्याच आकृत्या वर्षानुवर्षं अनेक विद्यार्थ्यांच्या हाती जाणार असतील, तर कागद आणि बोलणारा पॅड हीच निवड योग्य. मात्र फाइल बनवणारा माणूस आधी ठरवा आणि पहिला कागद अंध वाचकाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढच्या प्रती काढू नका.