घराला लावलेली तीट: रझांच्या सेरिग्राफसोबत दहा महिने

मागच्या नोव्हेंबरात चित्रकार सय्यद हैदर रझांचा एक सेरिग्राफ घेतला. सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंटच, ताणलेल्या जाळीतून शाई दाबून काढलेली; गॅलरीत गेली की तिचं नाव बदलतं एवढंच. चौकोनात मोठा काळा गोल, भोवती मातकट लाल आणि पिवळ्या पट्ट्या, बाकी काही नाही. समासात पेन्सिलीने ३८/१००, म्हणजे शंभरातली अडतिसावी प्रत, उजवीकडे सही.

घरी आणल्यावर पस्तावलो. एवढे पैसे मोजून पोस्टरच आणलं की काय, असं वाटून ती दोन महिने कपाटावर पाकिटातच राहिली. मत बदललं ते मामामुळे. त्याने उभा जन्म लग्नपत्रिका स्क्रीनवर छापल्या. संक्रांतीला आला, कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि नाक जवळपास शाईला लावलं. "रजिस्टर बघ. दोन रंगांमध्ये कुठे कागद दिसतोय का?" रजिस्टर म्हणजे रंगाला रंग नेमका जुळणं. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी, आणि शंभरही कागद दर वेळी त्याच जागी बसायला हवेत. वेलबुट्टीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे खपून जातं, सरळ कडेला लगेच बोंब. काळा रंग शेवटी मारलाय, हेही त्यानेच दाखवलं: त्याची कड लालवर किंचित चढली आहे. दिवा तिरका धरला की ती उंची दिसते. इंकजेट प्रिंटच्या शाईला असं अंग नसतं.

मग फ्रेम केली. आईने भिंतीकडे बघून विचारलं, "घराला तीट लावलीस होय रे?" तेव्हापासून चित्राचं नाव तीट. रझांना लहानपणी गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसवलं होतं, हे तिला सांगितलं. "मग तुझ्या लेकालाही बसव." बसवला. दोन मिनिटं टिकला.

कोणी घेणार असेल तर सही आधी बघा. रझा २०१६ मध्ये गेले. त्यानंतर काढलेल्या आवृत्तीवर त्यांच्या हातची सही कुठून येणार? पहिल्या नंबरांसाठी जादा पैसे देऊ नका, शंभर कागदांत स्क्रीनची जाळी झिजत नाही. आणि 'ए.पी.' लिहिलेल्या चित्रकाराच्या प्रती शंभरात धरत नाहीत, त्या किती काढल्या ते विचारून घ्या.

आता तक्रार. चित्राची नाही, फ्रेमवाल्याची. त्याने काच थेट कागदावर टेकवली होती, मागे साधा पुठ्ठा नि सेलोटेप. आम्ही ठाण्यात, खाडीच्या अंगाला. जुलैत काळ्या गोलात रुपयाएवढा चकचकीत डाग दिसला, ओला असल्यासारखा. दमटपणाने शाई काचेला धरायला लागली होती. मी घाईने फ्रेम उघडायला निघालो होतो. तसं केलं असतं तर रंग काचेबरोबर आला असता. दुसऱ्या कारागिराने अर्धा दिवस खपून ती सोडवली. सालपट निघालं नाही, पण त्या जागची मॅट झाक गेली ती गेलीच. आता माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे, काच कागदापासून तीनेक मिलिमीटर दूर आहे, मागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड. खर्च पहिल्या फ्रेमच्या तिप्पट, आणि तो सुरुवातीलाच करायला हवा होता.

तिटेलाच दृष्ट लागली, असं आईचं म्हणणं. प्रिंट आता आतल्या कोरड्या भिंतीवर आहे, चपलांच्या कपाटासमोर. डाग फक्त दार उघडल्यावर दिसतो.