नाशिकमधलं एक स्कॅन सेंटर: मशीन झकास, रिपोर्ट अर्धवट

सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, उगाच वाद नको. आईच्या पोटात मुतखड्याच्या कळा म्हणून साधा सीटी काढला, बिना इंजेक्शनचा. स्टाफ खरंच चांगला होता, परकराला लावलेली सेफ्टी पिन फोटोत येईल म्हणून सिस्टरनी हळूच काढून माझ्या हातात दिली, आत-बाहेर दहा मिनिटांत. इथपर्यंत पाचपैकी पाच.

संध्याकाळी रिपोर्ट आला, खड्याच्या खाली एक ओळ : डाव्या ॲड्रिनलवर २.२ सेमीची गाठ, पुढील तपासणी करावी. बस्स. ॲड्रिनल म्हणजे किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी, हे पण मी त्या रात्री गुगल करून शिकलो, आणि आई आपली पंचवटीतल्या घरात देवासमोर बसून "कॅन्सर आहे का रे" विचारतेय. काउंटरवर विचारलं तर म्हणे उद्याचा स्लॉट आहे, एमआरआय करून टाका.

नशीब आमचं की आधी कॉलेज रोडच्या एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, सीडी लावली (ती पण सेंटरला दोनदा मागितल्यावर मिळाली होती, घरच्या लॅपटॉपवर उघडलीच नाही), गाठीवर माउसने छोटा गोल काढून तिची घनता बघितली (सीटीत ती एचयू या एककात मोजतात) आणि म्हणाले, "४ एचयू, एकसारखी गाठ आहे, चरबीवाला ॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ. एमआरआय कशाला?" साध्या सीटीत १० किंवा कमी एचयू आणि गाठ सगळीकडे सारखी दिसली की ती कॅन्सरची नाही असं धरतात, परत स्कॅन लागत नाही. म्हणजे उत्तर पहिल्या स्कॅनमध्येच होतं, रिपोर्टवाल्याने आकडा लिहायचे कष्ट घेतले नाहीत एवढंच!

मग एमआरआय कधी? माझ्या प्रश्नावर डॉक्टरांनी समजावलं की काही साध्या गाठींत चरबी कमी असते, आकडा १० च्या वर जातो, तिथे एमआरआय कामाला येतो. दोन प्रकारच्या फोटोंपैकी एकात गाठ काळी पडली की आत चरबी आहे. रेडिएशन नाही, पण आकडा ३० च्या पुढे गेला की त्याचाही फार उपयोग होत नाही. दुसरा मार्ग कॉन्ट्रास्ट सीटी, इंजेक्शन देऊन १५ मिनिटांनी परत फोटो, औषध ६० टक्क्यांहून जास्त धुऊन गेलं तर बहुतेक साधीच, पण फिओ नावाची बीपी उसळवणारी गाठही कधीकधी अशीच वागते आणि आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं ते वेगळंच. पेट स्कॅन तर कॅन्सरचा खरा संशय असेल तरच.

दुसरा स्कॅन टळला पण तपासणीला रक्त द्यावंच लागलं, गाठ साधी असली तरी हार्मोन सोडत असू शकते. रात्री ११ ला डेक्साची (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) गोळी, सकाळी ८ ला रक्तात कॉर्टिसोल या ॲड्रिनलच्या हार्मोनची तपासणी. नॉर्मल आलं.

मशीनला पाच, रिपोर्टला एक. खडा मात्र अजून आहे तिथेच आहे, आई रोज तीन तांबे पाणी पितेय आणि मला शिव्या घालतेय.