रेडिओवरची ‘हिचहायकर्स गाईड’: काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

‘हिचहायकर्स गाईड टू द गॅलेक्सी’ ही विनोदी विज्ञानकथा बहुतेकांनी पुस्तकातून वाचलेली असते, नाहीतर २००५चा सिनेमा पाहिलेला असतो. मुळात ती ऐकायची गोष्ट आहे. इंग्रज लेखक डग्लस ॲडम्सने ती आधी रेडिओसाठी लिहिली, कादंबरी ऑक्टोबर १९७९मध्ये आली. गेल्या पावसाळ्यात मी मूळ रेडिओ मालिकेचा सीडी संच मागवला आणि तेव्हापासून इंदूरच्या आमच्या घरी तो वाजतोच आहे. आता ठामपणे सांगू शकते की पुस्तक हातात असलं तरी हा संच घ्यावा.

पहिली मालिका सहा भागांची, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. ८ मार्च १९७८ला, बुधवारी रात्री साडेदहाला, बीबीसी रेडिओ ४वर पहिला भाग लागला. फारशी जाहिरात नव्हती आणि वेळही अशी, की ज्याला झोप येत नाही किंवा ज्याचा रेडिओ बंद करायचा राहिलाय तोच ऐकणार. सुरुवातीचे चाहते असेच मिळाले. कुणी मधूनच ऐकलं, हे काय चाललंय म्हणून कान टवकारले, दुसऱ्या दिवशी मित्राला सांगितलं, पुढच्या बुधवारी दोघं रेडिओपाशी. तोंडोतोंडी एवढं पसरलं की त्याच वर्षी मालिका पुन्हा लावावी लागली, आणि १९७९मध्ये विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारासाठी तिचं नामांकन झालं. सिनेमांच्या रांगेत एक रेडिओ मालिका!

आमच्या घरात प्रत्येकजण वेगळ्या दाराने आत आला. मला खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात कादंबरी मिळाली होती, कॉलेजात असताना. भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे, त्याची ओळख ४२ या आकड्याशी. मशीन लर्निंगचा कोणताही धडा उघडा, रँडम सीडच्या, म्हणजे संगणकाला यादृच्छिक आकडे काढायला जो सुरुवातीचा आकडा देतात त्याच्या, जागी ४२ लिहिलेलं असतं. तो ते वर्षभर नुसतं टाइप करत होता. चौथ्या भागात डीप थॉट नावाचा संगणक आयुष्य, विश्व आणि सगळ्याच गोष्टींबद्दलच्या प्रश्नावर साडेसात दशलक्ष वर्षं विचार करून ४२ हे उत्तर देतो, तेव्हा पठ्ठ्या उडालाच. “मावशी, हे इथून आलंय?” म्हणाला आणि तो तुकडा त्याने परत लावायला लावला. आणि माझे सासरे, म्हणजे बाबा, आले ते विविध भारतीच्या ‘हवा महल’मधून. रात्री जेवणं उरकली की पंधरा मिनिटांची नाटुकली ऐकायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. नुसत्या आवाजावर माणसं, जागा, अंतर ओळखायची सवय त्यांच्या कानांना आहे. माझ्या मते या मालिकेसाठी विज्ञानाच्या माहितीपेक्षा हीच तयारी जास्त उपयोगी पडते.

पहिल्या भागात नायकाचं, आर्थर डेंटचं, घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतो. नकाशे नऊ महिने लोकांना पाहायला ठेवले होते, असं त्याला सांगतात. कुठे, तर तळघरात, जिथे दिवा नाही आणि जिनाही नाही, कुलूपबंद कपाटात, वापरात नसलेल्या संडासात, आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. आमच्या गल्लीत रुंदीकरण झालं तेव्हा पुढचा ओटला गेला. भिंतीवर लाल खूण आली तेव्हाच आम्हाला कळलं. नोटीस कधी, कुठे लावली होती, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. हा संवाद सुरू झाला तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले. भाच्याला म्हणाले, “थांबव, परत लाव.” दुसऱ्यांदा ऐकताना ते हसत होते आणि मधेच गप्पही झाले. त्याच भागात पुढे वोगॉन नावाचे परग्रहवासी येतात आणि अंतराळातल्या बायपाससाठी पृथ्वीच पाडतात. नकाशे आल्फा सेंटॉरीवर पन्नास वर्षं लावलेले होते म्हणे. बाबांनी लगेच आत्यांना फोन करून सगळा प्रसंग मराठीत सांगितला, वोगॉनच्या आवाजासकट. पुढच्या रविवारी आत्या हजर. १९७८मध्ये हे कसं पसरलं असेल, ते मला त्या फोनवरून कळलं.

आता आवाजाबद्दल, कारण पैसे त्याचेच आहेत. ॲडम्सला ही मालिका रॉक अल्बमसारखी ऐकू यायला हवी होती. समोर प्रेक्षक बसवले नाहीत, त्यामुळे हशाटाळ्या नाहीत, आणि सगळं स्टिरिओत केलं. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम करणाऱ्या विभागाने जहाजं, दारं, यंत्रं नुसत्या ध्वनीतून उभी केली. आवाज वेगळे ठेवता यावेत म्हणून नटांना स्टुडिओत कपाटासारख्या जागेत उभं करत. कंटाळलेल्या यंत्रमानवाचा, मार्विनचा, आवाज स्टीफन मूरचा. तो एकाकीपणा कानाला जाणवतो. निवेदक म्हणून पीटर जोन्स या ब्रिटिश नटासारखा, ‘पीटर जोन्ससारखा’, आवाज हवा होता. बरीच शोधाशोध झाल्यावर शेवटी खुद्द पीटर जोन्सलाच विचारलं. शांत, समजूतदार, आजोबांनी गोष्ट सांगावी तसा तो बोलतो. पुस्तक वाचताना त्यातली निवेदनं मी भरभर उरकायची, इथे त्यांचीच वाट पाहते. सुरुवातीचा बँजो ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या १९७५च्या एका रचनेतला. तो वाजला की भाचा हातातलं काम सोडून येतो.

म्हणून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. अर्धी मालिका हरवते. इयरफोन उत्तम, नाहीतर दोन स्पीकर थोडे लांब ठेवा.

उणिवा आहेत. पहिला संच आला तो एक डिस्क चरा पडलेली. विक्रेत्याने बदलून दिली, पण बरेच फोन करावे लागले. मोठी उणीव वेगळी आहे. विक्रीच्या संचात तिसऱ्या भागातला एक तुकडा नाही. मॅग्राथिया या ग्रहावर चालताना मार्विन पिंक फ्लॉइड या रॉक बँडची धून गुणगुणतो, ती हक्कांच्या अडचणीमुळे कापली गेली. ज्यांनी तेव्हा रेडिओसमोर कॅसेट लावून टेप केलं, त्यांच्याकडेच तो राहिला. मूळ कलाकृतीचे पूर्ण पैसे देणाऱ्याला ती पूर्ण मिळायला हवी, याबद्दल मी आग्रही आहे.

ब्रिटिश उच्चारही सुरुवातीला जड जातात. आम्ही पहिला भाग थांबत थांबत ऐकला, भाचा मधे मधे मराठीत सांगायचा. दुसऱ्या भागापासून गरज कमी झाली. ज्यांना गोष्ट पटापट पुढे सरकलेली हवी असते त्यांना पाचवा आणि सहावा भाग विस्कळीत वाटेल. ते लिहिताना ॲडम्सच्या हाती दुसरीही कामं होती आणि त्याचा मित्र जॉन लॉइड याची मदत घ्यावी लागली. मला मात्र सहाव्याचा शेवट सगळ्यात आवडतो.

दुसरी मालिका जानेवारी १९८०मध्ये ओळीने पाच रात्री लागली होती. तुम्हीही ती तशीच ऐका, सोमवार ते शुक्रवार, जेवणानंतर. आठवड्याला एक भाग केला तर धागा सुटतो, आमचा सुटला म्हणून सांगते. २००४पासूनच्या मालिका मी अजून घेतलेल्या नाहीत. त्यात पीटर जोन्स नाही. बाबांचा आग्रह आहे की तरीही घ्यावी, भाच्याने डिसेंबरच्या सुट्टीचं नक्की केलंय, आणि आत्यांनी तर आतापासूनच विचारायला सुरुवात केली आहे की पुढचं कधी लावणार.