नाइन-इंचचं बिल, आणि मागे दहा बोल्ट

१९४० च्या फोर्ड डीलक्स कूपेचा स्ट्रीट रॉड (जुन्या गाडीत नवं इंजिन-सस्पेन्शन घालून रस्त्यावर चालवायची गाडी) करून देतो असं सांगून इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, एका शॉपने माझ्याकडून चार हप्त्यांत ३३,९०० डॉलर घेतले. १०,०००, ८,५००, ९,००० आणि ६,४००. सात महिन्यांनी हातात आली ती बिघडवलेली चासी, भंगारातला रिअर अ‍ॅक्सल आणि भलत्याच ब्लॉकचं इंजिन. हप्ते घेत राहायचं आणि काम लोंबकळत ठेवायचं ही तऱ्हा या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. कुठे हात मारला आणि ते कसं ओळखायचं, तेवढं नीट वाचा. लिहिताना लाज वाटते आहे, पण गप्प बसलो तर पुढचा नंबर आपल्यातल्याच कुणाचा तरी लागेल.

आधी तो फोटो. तिसऱ्या हप्त्याच्या बिलात दोनच ओळी होत्या: फोर्ड नाइन-इंच रिअर २,८००, नवं क्रेट ३५० इंजिन ६,२००. नाइन-इंच म्हणजे फोर्डचा दणकट मागचा अ‍ॅक्सल, क्रेट ३५० म्हणजे कारखान्यातून खोक्यात येणारं नवंकोरं ३५० घन इंचांचं शेव्हरोले इंजिन. सोबत गाडीखालून काढलेला फोटो. काळा रंग ताजा, मागे पत्र्याचं झाकण, झाकणाभोवती बोल्ट, आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर तेलाचा एक थेंब. नाइन-इंचला मागे झाकण नसतंच! त्याची पाठ सलग आणि गोल असते, क्राउन-पिनियनचा (चाकांकडे जोर वळवणाऱ्या दातेरी गिअरांचा) अख्खा संच पुढून बाहेर निघतो. मागे दहा बोल्टचं झाकण म्हणजे फोर्डचा ८.८ इंची, बहुतेक वेळा जुन्या एक्सप्लोरर एसयूव्हीखालचा. हे मला माहीत होतं. मी फोटो मोठा केला, बोल्ट मोजले, दहा भरले, आणि विचारलंसुद्धा. उत्तर आलं की माप घेण्यापुरता तो लावलाय, तुमचा नाइन-इंच मशीन शॉपमध्ये गेलाय. मॉकअपला (भाग तात्पुरते जुळवून पाहताना) जुना अ‍ॅक्सल लावून मापं घेतात, ही रीतच आहे, म्हणून मला ते पटलं. त्याच संध्याकाळी ९,००० पाठवले. मशीन शॉपची पावती पाठवा, एवढी एक ओळ लिहिली असती तर तिथेच सगळं उघड झालं असतं. आजही तो थेंब डोळ्यांसमोरून जात नाही.

८.८ वाईट अ‍ॅक्सल आहे असं नाही. १९९५ नंतरच्या एक्सप्लोररचा मिळाला तर डिस्क ब्रेकही सोबत येतात, आणि त्याच्या किमतीत दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. पण त्याचा पिनियन, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट जोडायचा गिअर, मध्यावर नसतो. लांब बाजूची नळी कापून तो मध्यावर आणणारे आणतात, नाहीतर निदान ड्राइव्हशाफ्टचा तिरकेपणा हिशेबात धरतात. इथे दोन्ही केलेलं नव्हतं.

इंजिनचं तर सांगायलाच नको. स्मॉल ब्लॉक शेव्हीचा (शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ चा) कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामातच उठवलेला आकडा, ब्लॉकच्या मागच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) बसतं त्या फ्लॅंजवर असतो. इंजिन गाडीत असेल तर टॉर्च आणि लहान आरसा लागतो. तारेच्या ब्रशने रंग खरवडल्यावर १४०१०२०१ निघाला. १४०१०२०७ असता तर ते ३५० होतं. शेवटच्या ७ चा १ झाला की ते ३०५ होतं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ३.४८ इंच, बाहेरून ओळखू येत नाही. बोर (सिलिंडरचा व्यास) मात्र ४ इंचांऐवजी ३.७३६. आणि हा ब्लॉक १९८० च्या दशकातल्या पहिल्या वर्षांतला, म्हणजे ‘नवं क्रेट’ हेही धादांत खोटं. इंजिन गाडीत बसण्यापूर्वी या नंबराचा फोटो स्वतः काढा. दुसऱ्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

सगळ्यात मोठं नुकसान चासीत आहे, कारण तिथे जीव जाऊ शकतो. मूळ फोर्डची रेल, म्हणजे चासीची लांब बाजू, इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूने उघडी. पुढचा आडवा पाटा काढून मस्टँग टू या जुन्या फोर्डच्या पद्धतीचं सस्पेन्शन बसवायचं तर आधी गाडीची उंची आणि पुढचा उतार ठरवायचा, रेल हलू नयेत म्हणून तात्पुरते आडवे बार टाकायचे, अ‍ॅक्सलची रेषा खुणेने पक्की करायची. मग ३/१६ इंच प्लेटने रेल बंद करायची, क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा नवा आडवा पाटा) नुसता टाके मारून धरायचा, कर्ण दोन्हीकडून मोजायचे आणि जुळले तरच पूर्ण वेल्डिंग, तेही तुकड्यातुकड्याने, नाहीतर उष्णतेने रेल वाकते. माझ्याकडून रेल बंद करण्याचे ३,१०० आणि पुढच्या सस्पेन्शनचे ५,४०० घेतले. प्रत्यक्षात प्लेट क्रॉसमेंबरपुरतीच, पुढेमागे सी उघडाच. कर्णांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक. चाक फेंडरच्या मध्यापासून पाऊण इंच मागे, त्यामुळे पूर्ण वळवलं की टायर घासतो. खालून काळं रबरी अंडरकोटिंग मारलेलं. एका जोडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. आत वेल्ड नव्हता, पुट्टी भरलेली होती.

नव्या कामावर अंडरकोटिंग दिसलं की समजा काहीतरी झाकलंय. वेल्डिंग उघडं असताना बघायला जा, नाही जमलं तर ३५० डॉलर देऊन तिऱ्हाईत माणूस पाठवा. मी ते ३५० शेवटी दिले, सुरुवातीला द्यायला हवे होते.

पैशांबद्दल. पहिले १०,००० क्रेडिट कार्डाने दिले. पुढे शॉप म्हणालं कार्डाचे तीन टक्के जादा पडतील, वायर करा, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवा. २३,९०० वर ते ७१७ डॉलर होत होते, कुणीही वाचवले असते. पण वायर गेली की गेली. आणि कार्डाच्या बिलावर तक्रार करायला कायद्याने स्टेटमेंटपासून ६० दिवस मिळतात. बँकेने सातव्या महिन्यात तेच वाक्य वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

गाडी आणायला गेलो तर रोजचे ४५ प्रमाणे ३१ दिवसांचं जागेचं भाडं, १,३९५ डॉलर, मागितलं. पोलिसांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, भरा आणि गाडी न्या. बोल्टचा फोटो दाखवला तर म्हणाले, आम्हाला गाड्यांमधलं कळत नाही. नकली सोनं खरं म्हणून विकलं तर तिथेही हेच म्हणतील का? राज्याच्या ग्राहक तक्रार कक्षाला ४२ पानं पाठवली. कक्षाने शॉपला पत्र लिहिलं, शॉपने ‘कराराप्रमाणे काम केलं’ असं एका ओळीत कळवलं, आणि तेवढ्यावर फाइल बंद. इंजिन नंबर, वेल्डचे फोटो, कशाचाही उल्लेख नाही. मी विचारलं की कागद वाचले का, तर म्हणे आमचं काम पत्रव्यवहार करून देण्याचं. आमच्या राज्यात लहान दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ६,००० डॉलर, माझा दावा त्याच्या पाचपटीहून जास्त. त्यावरच्या कोर्टात जायचं तर वकील आधी ५,००० मागतो. चोराला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तो निवांत असतो.

टायटलचा (मालकीचा) कागद ‘इन्शुरन्ससाठी’ मागितला तरी देऊ नका. काम सुरू होण्याआधी चासीवर ठोकलेल्या नंबराचा फोटो घ्या, तो डाव्या रेलवर वरच्या बाजूला असतो आणि ग्राइंडर नेमका तिथे फिरतो. १७ अक्षरी नंबर १९८१ पासूनचा, त्याआधीच्या गाडीला ऑनलाइन शोध उपयोगी नाही. तो ठोकलेला आकडा पुसला तर गाडीची ओळखच संपली. प्रत्येक सुट्या भागाची मूळ पावती तुमच्या नावाने हवी. हप्ता झालेल्या कामाचा, होणाऱ्या कामाचा नको.

गाडी सध्या ७८० डॉलर टो देऊन आणलेली, गॅरेजमध्ये स्टँडवर आहे. क्रॉसमेंबर कापायचा तर इंजिन आधी काढावं लागणार. दुरुस्तीचा अंदाज १४,२०० आलाय. शॉपने नाव बदललं आहे, जागा तीच. नव्या जाहिरातीत माझ्याच गाडीचा तो फोटो आहे, दहा बोल्ट, खाली थेंब, आणि शेजारी लिहिलंय ‘फोर्ड नाइन-इंच’. तक्रार कक्षाला तो पाठवला. उत्तर आलं, नाव वेगळं असल्याने नवीन अर्ज भरा.